कडेचं मोहना बघते

पक्षी उडून गेला त्याला मिनिट होऊन गेलं होतं, आणि दादा अजून त्याचं वर्णन करत होते.

“वा! काय रुबाब आहे बघा! राखाडी पाठ, पंखांची टोकं काळी. नरच आहे. कसा शांत बसलाय!” दुर्बीण डोळ्यांना, कोपर गाडीच्या खिडकीत आणि आवाज खणखणीत.

नीरजानं त्यांच्या खांद्यावरून बाहेर पाहिलं. लाकडी खांब रिकामा होता. त्यावरचा भोवत्या, घारीसारखा तो शिकारी पक्षी, मघाशीच बॉनेटवरून तिच्या बाजूला आला होता आणि पिवळ्या गवताला पोट घासत पार दिसेनासा झाला होता. गाडीतल्या सगळ्यांनी पाहिलं होतं. पुढच्या सीटवरच्या गाइडनं, रणवीरसिंहनं, मागे वळून एकदा नीरजाकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. भला माणूस.

“दादा, उडाला तो,” नीरजा म्हणाली.

“हो, हो. आत्ताच उडाला,” दादा म्हणाले आणि त्यांनी दुर्बीण खाली केली.

आत्ताच कसला डोंबलाचा! नीरजाला आधी हसू आलं. सासऱ्यांचा स्वभाव तिला काय आज कळत होता? दत्तात्रेय शिर्के म्हणजे छत्तीस वर्षं रेल्वेचं इंजिन चालवलेला माणूस. आपलं चुकलं असं म्हणायची सवयच नाही. रेल्वेच्या डोळ्यांच्या तपासणीत दर वेळी अव्वल, आणि ते सांगितल्याशिवाय घरी आलेल्या पाहुण्याला चहा मिळायचा नाही. नोकरीची पहिली सहा वर्षं बोटादला काढलेली. तिथे इंजिनातून येताजाता हे पक्षी बघायची गोडी लागली ती कायमची. थंडीत लांब कुठून कुठून, बर्फाच्या मुलखातून हे भोवत्ये येतात आणि संध्याकाळी शेकड्यांनी वेळावदरच्या अभयारण्यातल्या गवतात उतरतात, ही गोष्ट लग्न होऊन आल्यापासून तिनं पन्नास वेळा तरी ऐकली असेल. म्हणून तर यंदा त्यांना सत्तर पूर्ण झाली तेव्हा तिनंच ठरवलं की, दादांना वेळावदरला न्यायचं. आणि गंमत बघा, दादाच नको म्हणत होते. “कशाला एवढं लांब? साडेचार तास गाडीत बसायचं. मी पाहिलंय सगळं.” महिनाभर हेच. शेवटी तिनं हॉटेलचं बुकिंगच करून टाकलं, तेव्हा कुठे गप्प बसले.

गाडी सलील, तिचा नवरा, चालवत होता. मागे एका खिडकीशी दादा, एका खिडकीशी नीरजा आणि मध्ये सात वर्षांची मोहना. शनिवार होता. उद्या रात्रीपर्यंत बडोद्याला पोचायचं, कारण सोमवारी सगळ्यांचंच सुरू. सलीलची नंदेसरीच्या कंपनीची बस सकाळी पावणेसहाला. नीरजाची शाळा तिकडे लहरीपुऱ्याजवळ, साडेसातची, तिनं गोत्रीच्या घरून सातला निघायचं. आणि मोहनाला तिच्या शाळेत सोडायचं दादांनी, स्कूटरवरून. जूनमध्ये व्हॅनवाल्यानं हात वर केल्यापासून हेच चाललं होतं. दादा होते म्हणून घर चाललं होतं, हे नीरजा कुणालाही सांगायची.

शंभरेक पावलांवर रस्त्याच्या अगदी कडेला एक नीलगाय उभी होती. केवढी? म्हशीएवढी. दादांच्या खिडकीपासून दहा फूट. सलीलनं गाडी हळू केली. दादा समोर बघत होते, सीटच्या पाठीकडे, आणि गालातल्या गालात हसत होते.

“आजोबा, डावीकडे नीलगाय,” मोहना हळूच म्हणाली.

“नीलगाय,” दादांनी म्हटलं. मग मान वळवली, थोडी जास्तच वळवली, परत आणली, आणि मग त्यांना ती सापडली. “अरे वा, मोठी आहे!”

चमकून नीरजानं त्यांच्याकडे पाहिलं. पण मग हे सकाळी पेपर कसा वाचतात? श्रद्धांजलीच्या बारीक जाहिरातींसकट वाचतात. परवाच तिच्या सुईत दोरा त्यांनीच ओवून दिला होता. आंधळा माणूस सुईत दोरा ओवतो का? नाही. आपलंच काहीतरी. प्रवासानं दमलेत, ऊन डोळ्यांवर येतंय. तिनं स्वतःची समजूत घातली. माणूस समजूत घालायला किती पटकन तयार असतो!

साडेपाचला रणवीरसिंहनं गाडी थांबवायला सांगितली. पुढे बघायचा मनोरा होता आणि त्याच्या आजूबाजूला उतरायची परवानगी होती. “चालो बेन, हवे पट्टाई आवशे,” तो म्हणाला. म्हणजे आता भोवत्ये येतील; त्यांना तिकडे पट्टाई म्हणतात. सूर्य खाली आला होता, गवत तांबूस झालं होतं आणि लांब क्षितिजाशी ठिपके दिसायला लागले होते. सलील मोबाइल वर धरून पुढे धावला. दादा उतरले आणि गाडीच्या दाराला हात लावून उभे राहिले. एक पाऊल पुढे टाकेनात.

मोहनानं जाऊन त्यांचं बोट धरलं.

“समोर क्लिअर,” ती म्हणाली.

“समोर क्लिअर,” दादा म्हणाले आणि चालायला लागले.

“उजवीकडे खड्डा.”

“उजवीकडे खड्डा.”

“डावीकडून माणूस.”

“डावीकडून माणूस.” आणि येणाऱ्या माणसाला त्यांनी वाट दिली.

नीरजा गाडीला टेकून उभी राहिली. हे तिनं ऐकलेलं होतं. रोज ऐकत होती! सोसायटीच्या गेटपाशी रोज सकाळी हाच खेळ. मोहना स्कूटरवर पुढे उभी, दादांच्या दोन हातांच्या मध्ये, आणि ओरडतेय, “गेट क्लिअर!” मागून दादा ओरडतायत, “गेट क्लिअर!” “लेफ्टला रिक्षा!” “लेफ्टला रिक्षा!” इंजिनात ड्रायव्हर आणि असिस्टंट असंच एकमेकांना सिग्नल ओरडून सांगतात, एकानं म्हणायचं आणि दुसऱ्यानं परत म्हणायचं, असा रेल्वेचा नियमच असतो. आजोबांनी नातीला आपली नोकरी शिकवली म्हणून सगळी सोसायटी कौतुक करायची. नीरजानं तर त्याचा व्हिडिओ काढून कल्याणच्या नातेवाइकांना पाठवला होता. खाली चाळीस बदाम आले होते.

खेळ नव्हता तो. देवा, खेळ नव्हता तो!

ती धावतच गेली. दादांना मनोऱ्याच्या पायरीवर बसवून मोहना बाजूला उभी होती. नीरजानं तिला हाताला धरून वीस पावलं लांब नेलं, खाली बसली आणि आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारलं, “मोनू, आजोबांना दिसत नाही का गं?”

“दिसतं की,” मोहना म्हणाली. “मधलं दिसतं. समोरचं आजोबा बघतात, कडेचं मी बघते.”

“स्कूटरवर पण?”

“स्कूटरवरच तर जास्त.” पोरगी कशी सांगत होती! जसं वर्गात मॉनिटर आहे म्हणून सांगावं. “कडेनं कुत्रा आला, गाय आली, कुणी मध्ये घुसलं, तर मी आधी सांगायचं. आजोबांनी परत म्हटलं म्हणजे त्यांना कळलं. नाही म्हटलं तर मी परत ओरडायचं.”

गोत्रीचा तो रस्ता नीरजाच्या डोळ्यांसमोर आला. उलट्या बाजूनं येणारे टेम्पो, शाळांच्या बसगाड्या, दुभाजकातून मध्येच उतरणाऱ्या गाई. आणि त्यातून हेल्मेटसुद्धा डोळ्यांवर येणारी तिची सात वर्षांची पोर स्कूटर पार नेतेय. रोज. जूनपासून की कधीपासून?

ती तशीच उठली आणि दादांसमोर जाऊन उभी राहिली.

“दादा, डोळ्यांना काय झालंय तुमच्या?”

दादांनी तिच्या आवाजाच्या दिशेनं मान वर केली. क्षणभर त्यांनी काहीतरी ठोकून द्यायचा विचार केला असावा, पण तिचा चेहरा त्यांच्या मधल्या नजरेत बरोबर आला आणि त्यांचा चेहरा अवसान गळाल्यासारखा झाला.

“काचबिंदू,” ते म्हणाले. “दोन्ही डोळे. कडेकडेनं खात आलाय. पाइपातून बघावं तसं दिसतं बघ. समोरचं अगदी लख्ख, बाजूचं काही नाही. मघाचा पक्षी दुर्बिणीत सापडलाच नाही, सवयीनं बोलत गेलो. डॉक्टर म्हणाला, गेलं ते परत येत नाही.”

“आणि गाडी चालवायला?”

“नको म्हणाला.”

“आणि तरी तुम्ही माझ्या पोरीला पुढे उभी करून...” नीरजानं मोहनाकडे बोट दाखवलं.

“अगं, ऐकून तर घे.” दादांचा आवाज दुखावलेला होता, खोटा नव्हता, आणि तेच भयंकर होतं. “छत्तीस वर्षं मी काय केलं? इंजिनात एका माणसाला सगळं दिसतं का? वळणावर पलीकडच्या बाजूचा सिग्नल ड्रायव्हरला दिसतच नाही. असिस्टंट सांगतो, हिरवा. मी म्हणतो, हिरवा, आणि गाडी सोडतो. मागे हजार माणसं झोपलेली असायची, नीरजा! अर्धी गाडी मी दुसऱ्याच्या डोळ्यांनी चालवलीय. आणि मोहनासारखा तल्लख असिस्टंट तर मला एकही मिळाला नव्हता.”

त्यांना खरंच तसं वाटत होतं. नीरजा त्यांच्याकडे बघतच राहिली. या माणसानं पोरीला धोक्यात घातलं नव्हतं, त्याच्या मते त्यानं तिला नोकरीवर ठेवलं होतं.

“मला एका शब्दानं सांगायचं नाही? मी नोकरी सोडली असती, रजा काढली असती, काहीही केलं असतं!”

“सलीलला सांगितलं होतं,” दादा म्हणाले. “दसऱ्यालाच. म्हटलं, आता मला जमणार नाही रे. तोच म्हणाला, मार्चपर्यंत काढा कसंबसं, मग बघू. मोहना आहे ना पुढे, ती सांगेल तुम्हाला.” मग खाली मान घालून म्हणाले, “मलाही बरं वाटलं गं. घरात बसून करणार काय होतो मी?”

वर आकाशात आता भोवत्यांची दाटी झाली होती. शंभर, दोनशे, देव जाणे किती, आवाज न करता गोल गोल फिरत एकेक गवतात उतरत होते. मनोऱ्यावरचे लोक “ओहो, ओहो” करत होते. नीरजाला त्यातलं काही दिसत नव्हतं. ती सलीलकडे बघत होती. तो मोबाइल वर धरून हसत हसत तिच्याकडेच येत होता.

“काय मस्त व्हिडिओ आलाय, बघ ना!”

“तुला माहीत होतं?” ती म्हणाली.

सलीलनं तिच्याकडे पाहिलं, दादांकडे पाहिलं आणि त्याचा हात खाली आला. काय माहीत होतं, असं त्यानं विचारलं नाही. एवढ्यावरच नीरजाला उत्तर मिळालं. अकरा वर्षांचा संसार केला होता तिनं या माणसाबरोबर!

“अगं, अडीच किलोमीटर तर आहे,” तो म्हणाला. “आणि दादा वीसच्या वर जातच नाहीत. मी रिक्षा शोधतोय. कुणी त्या वेळेला मिळतच नाही. तुला सांगितलं असतं तर तू घर डोक्यावर घेतलं असतंस.”

“घेतलंच असतं! घ्यायलाच हवं होतं! लाज नाही वाटली तुला? पोटची पोर आहे ती, सलील!” नीरजा अशी ओरडली की मनोऱ्यावरचे दोन-तीन लोक वाकून बघायला लागले. रणवीरसिंह ओठांवर बोट ठेवून “बेन, धीमे, धीमे” म्हणत पुढे आला आणि तिचा चेहरा बघून तसाच मागे फिरला.

“आई, बाबांना रागावू नको,” मोहना मध्येच म्हणाली. ती रडायला लागली होती. “चूक माझी होती. बाबांची नाही.”

“तुझी कसली चूक, बाळा?”

“टाके पडले त्याची.”

नीरजानं नकळत मोहनाच्या हनुवटीला हात लावला. महिन्याभरापूर्वी तिथे तीन टाके पडले होते. शाळेच्या घसरगुंडीवरून पडली असं सलीलनं सांगितलं होतं. तोच कंपनीतून थेट दवाखान्यात पोचला होता, नीरजाला नंतर फोन आला. दुसऱ्या दिवशी नीरजा शाळेत जाऊन, असं काही झालंच नाही म्हणणाऱ्या बाईंशी भांडली होती. लेखी तक्रार दिली होती. त्या घसरगुंडीला दोरी बांधून तिनं ती सगळ्या मुलांना बंद करायला लावली होती.

“घसरगुंडी नव्हती?” तिनं विचारलं.

मोहनानं मान हलवली. “बाबा म्हणाले, आईला घसरगुंडी सांगायचं. मला सकाळी झोप येत होती. मला जांभई आली, मोठी, आणि डोळे मिटले. तेव्हाच कडेनं गाय आली. मी सांगितलीच नाही, आणि आम्ही पडलो.” ती हुंदके देत देत बोलत होती. “दवाखान्यात आजोबा बाबांना म्हणाले ना, तिनं सांगितलंच नाही, नाहीतर मी थांबवली असती. मी ऐकलं. आता मी रोज तोंड धुताना डोळ्यांवर दोनदा पाणी मारते. आता नाही येत जांभई.”

सलील खाली बघत होता. दादा पायरीवर बसल्या जागी थिजले होते. ते वाक्य ड्रायव्हर लोकांचं होतं. काही चुकलं की चौकशीत साहेबासमोर पहिलं हेच म्हणायचं असतं, असिस्टंटनं सांगितलं नाही. छत्तीस वर्षांत ऐकून ऐकून तोंडात बसलेलं. म्हणताना आपण कुणाबद्दल म्हणतोय हे त्यांच्या ध्यानातही आलं नसेल. आता आलं.

“मोहना,” ते म्हणाले. “अगं, नाही गं. नाही. तुझी नाही चूक...” आणि ते उठले. हात पुढे करून, कुणाचं बोट न धरता, तिच्याकडे यायला निघाले. डोळे पाण्यानं भरलेले, त्यात दिवस मावळलेला. उरलंसुरलं जे काय दिसत होतं, तेही त्यांना त्या क्षणी दिसत नसणार.

त्यांच्या वाटेत डाव्या अंगाला हद्दीचा दगड होता, गुडघ्याएवढा, पांढरा रंग दिलेला. मोहनाला तो दिसला. तिचा हुंदका थांबला, तिनं तोंड उघडलं आणि ती म्हणाली, “आजोबा, डावी...”

नीरजानं तिच्या तोंडावर हात ठेवला.

तिला दादांना पाडायचं नव्हतं, देवाशपथ. तिला फक्त एवढंच म्हणायचं होतं की तू नाही, तू नको, आता एक अक्षरसुद्धा तू बोलायचं नाहीस. पुढचं ती स्वतःच सांगणार होती. दगड आहे, दादा, थांबा. शब्द अगदी ओठांवर होते. पण ते आले नाहीत. संतापानं म्हणा, भीतीनं म्हणा, तिची जीभ टाळूला चिकटली, आणि सलील खाली बघत होता. दोन पावलं होती, दादांनी दोन्ही टाकली.

ते तोंडावर आपटले. हात टेकवायलाही त्यांना वेळ मिळाला नाही. चष्मा गवतात उडाला, आणि धप्प आवाजानं जवळच नुकते उतरलेले भोवत्ये भुर्रकन वर उठले.

“दादा!” सलील धावला, रणवीरसिंह धावला. दोघांनी मिळून त्यांना उताणं केलं. नाकातून रक्त येत होतं. त्यांचे हात अजून पुढे चाचपत होते.

मोहनानं आईचा हात दोन्ही हातांनी ओढून काढला. नीरजानं तिला जवळ घ्यायला बघितलं, तर ती मागे सरकली. मागे सरकत सरकत ती आईपासून चार पावलं लांब जाऊन उभी राहिली आणि सगळ्या ताकदीनिशी ओरडली,

“मी सांगत होते! आजोबा, या वेळी मी सांगत होते!”